बदला, पण नोंद ठेवा : पायथॉनचे डीकंपायलर सांभाळणाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
१. सीपायथॉनचे मुख्य विकसक व सुकाणू परिषद
२. डीकंपायलर रोजच्या कामात वापरणाऱ्या सुरक्षा व सॉफ्टवेअर कंपन्या
३. सॉफ्टवेअर विकत घेणारी शासकीय, निमशासकीय व सहकारी कार्यालये
४. कॉपीराइट कायद्याचा कारभार पाहणारे केंद्र शासनाचे अधिकारी
५. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या संस्था

विषय : एकाच भाषेच्या अनेक आवृत्त्यांसाठी डीकंपायलर चालू ठेवण्याच्या कामाबाबत मागण्या.

महोदय / महोदया,

आम्ही पायथॉनचे डीकंपायलर सांभाळणारे, त्यांत भर घालणारे आणि ते वापरणारे लोक आहोत. संख्येने थोडे आहोत. आमच्यातल्या बहुतेकांची नोकरी दुसरीच आहे. हे काम रात्री आणि रविवारी होते. खाली नऊ मागण्या केल्या आहेत. प्रत्येक मागणीचे कारण तिच्यासोबतच दिले आहे, आणि शेवटी आम्ही स्वतः काय करू तेही लिहिले आहे.

काम काय आहे

पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्राम चालण्याआधी त्याचा बाइटकोड होतो, आणि तो पीवायसी फाइलीत साठवता येतो. मूळ फाइल हरवली, पुसली गेली किंवा कंत्राटदाराने दिलीच नाही, तर मालकाच्या हाती एवढी पीवायसी उरते. तिच्यातून माणसाला वाचता येईल आणि पुन्हा चालवता येईल असा पायथॉन कोड उभा करणारा प्रोग्राम म्हणजे डीकंपायलर.

त्याची गरज तीन ठिकाणी पडते. ज्यांचा स्वतःचा मूळ कोड हरवला आहे, त्यांना. संगणकात शिरलेला घातक प्रोग्राम उघडून पाहणाऱ्यांना, कारण असे अनेक प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहून पायइन्स्टॉलरसारख्या साधनाने एकाच फाइलीत बांधलेले असतात आणि आत पीवायसीच असते. आणि विकत घेतलेला प्रोग्राम सांगितल्याप्रमाणेच वागतो की नाही, हे तपासणाऱ्यांना.

या कामाला परंपरा आहे. जॉन एकॉक यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्पार्क हे पार्सर बांधण्याचे साधन लिहिले आणि त्यावर पायथॉनचा डीकंपायलर उभा केला. बाइटकोडमधल्या आज्ञा म्हणजे जणू एखाद्या भाषेतले शब्द. त्या भाषेचे व्याकरण लिहायचे आणि आज्ञांची ओळ त्या व्याकरणाने वाचून तिच्यामागचे वाक्य ओळखायचे, ही त्यामागची कल्पना. हार्टमुट गोबेल, डॅन पास्कू आणि इतरांनी तो धागा पुढे नेला. रॉकी बर्नस्टीन यांचा अनकंपाइल६ हा त्याच वंशातला. पायथॉन १.० पासून ३.८ पर्यंतचा बाइटकोड तो वाचतो. मात्र तो ३.८ पाशी थांबला, आणि ३.८ या आवृत्तीचा अधिकृत आधार २०२४ च्या ऑक्टोबरात संपला.

तो का थांबला, हे समजले की आमच्या मागण्या समजतील.

अडचण कुठे आहे

पायथॉनच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेले आहे की बाइटकोड ही सीपायथॉनच्या, म्हणजे पायथॉनच्या मुख्य अंमलबजावणीच्या, अंतर्गत रचनेची बाब आहे आणि दोन आवृत्त्यांमध्ये तो तसाच राहील याची कोणतीही हमी नाही. हा त्यांचा हक्क आहे. भाषा वेगवान व्हायची, तर आतली रचना बदलावीच लागते. पण बाहेरून बघणाऱ्यासाठी प्रत्येक आवृत्ती म्हणजे नवी विटी, नवे राज्य. काही उदाहरणे पुरेत.

पायथॉन ३.५ पर्यंत आज्ञा एक बाइटची असे, आणि तिला सोबत आकडा लागला तर तीन बाइटची. ३.६ मध्ये प्रत्येक आज्ञा दोन बाइटची झाली. एका फटक्यात बाइटकोड वाचणाऱ्या प्रत्येक साधनाचा पाया बदलला.

पायथॉन ३.७ पर्यंत लूप सुरू होण्याआधी ‘सेटअप लूप’ नावाची आज्ञा येई आणि लूप कुठे संपतो तेही तीच सांगे. ३.८ मध्ये ती आज्ञा गेली. आता लूप ओळखायचा तो मागे जाणाऱ्या उडीवरून. दारावरची पाटी काढून टाकल्यावर घर कोणाचे हे अंगणातल्या चपलांवरून ओळखावे, तसे.

पायथॉन ३.९ मध्ये ‘फायनली’चा मजकूर बाइटकोडमध्ये एकापेक्षा जास्त वेळा उतरू लागला : एक प्रत सुरळीत वाटेसाठी, एक चूक झाली तर त्या वाटेसाठी. प्रोग्रामरने तो एकदाच लिहिलेला असतो. या सगळ्या प्रती मुळात एकच आहेत हे डीकंपायलरने ओळखायचे; नाही ओळखले, तर परत आलेल्या कोडमध्ये तोच मजकूर दोनदा दिसतो.

पायथॉन ३.१० मध्ये उडीचे अंतर बाइटऐवजी आज्ञांमध्ये मोजले जाऊ लागले. ३.११ मध्ये ‘ट्राय’ची सुरुवात दाखवणारी आज्ञाच गेली, ती माहिती वेगळ्या तक्त्यात हलली, आणि आज्ञांच्या मधोमध वेग वाढवण्यासाठी राखलेल्या रिकाम्या ‘कॅश’ जागा आल्या. ३.१२ मध्ये यादी बनवणारी कंसातली एकओळी रचना वेगळ्या फंक्शनमध्ये न राहता आजूबाजूच्या कोडमध्येच मिसळली.

आणि हे आता दरवर्षी होते. पूर्वी नवी आवृत्ती साधारण दीड वर्षाने येई. ३.९ पासून ती दर ऑक्टोबरात येते, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. आमच्यासाठी मात्र ते नेहमी वरातीमागून घोडे असते : लोक नव्या आवृत्तीवर काम सुरू करतात, तेव्हा आम्ही मागच्या आवृत्तीचे व्याकरण दुरुस्त करत असतो.

जुने टाकून देता येत नाही, हे दुसरे ओझे. २.७ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, पण २.७ मध्ये लिहिलेले प्रोग्राम त्या दिवशी बंद पडले नाहीत. उलट मूळ कोड हरवलेले प्रोग्राम बहुधा जुनेच असतात. त्यामुळे ३.८ साठी व्याकरणात एक नियम घातला की २.७ मध्ये काय बिघडले ते पाहावे लागते. नाहीतर पुढचे पाठ, मागचे सपाट. नियम जितके वाढतात, तितकी एकच आज्ञामालिका दोन प्रकारे वाचता येण्याची शक्यता वाढते. ३.७ आणि ३.८ पुरताच वेगळा डीकंपायलर पुढे काढण्यात आला, तो याच गुंत्यामुळे.

एका वजनकाट्याची गोष्ट

आमच्या एका सभासदाकडे आलेले काम येथे सांगतो. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा प्रोग्राम २.७ मध्ये लिहिलेला होता. लिहिणारा माणूस काम सोडून गेला होता आणि काट्याच्या संगणकावर फक्त पीवायसी फाइली होत्या. संगणक मरणपंथाला लागला होता, गळीत हंगाम तोंडावर होता.

डीकंपायलर चालवला. कोड आला, स्वच्छ आला, चाललाही. त्यातला एक भाग असा होता : गाडी नोंदणी झालेल्या वाहतूकदाराची असेल आणि तिचे रिकामे वजन आजच नोंदलेले असेल, तर तेच वजा करायचे, नाहीतर गाडी पुन्हा रिकामी तोलायची. मूळ प्रोग्रामात या दोन्ही अटी ‘आणि’ने जोडलेल्या होत्या आणि ‘नाहीतर’ दोन्हींना मिळून होते. डीकंपायलरने मात्र त्या एकाच्या पोटात एक अशा लिहिल्या आणि ‘नाहीतर’ आतल्या अटीला चिकटवले. वाचताना फरक डोळ्यात भरत नाही. पण त्या कोडप्रमाणे नोंदणी नसलेली गाडी आली असती, तर रिकाम्या वजनाची बाब तिच्याबाबतीत उपस्थितच झाली नसती. गाडीचे लोखंड उसाच्या भावाने मोजले गेले असते.

चूक सापडली ती एका सवयीमुळे. परत मिळालेला कोड २.७ मधूनच पुन्हा कंपाइल करायचा आणि जुना व नवा बाइटकोड शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायचा. जवळजवळ सगळ्या आज्ञा जुळल्या. एका उडीचे ठिकाण वेगळे निघाले. पहिली अट खोटी ठरली की मूळ बाइटकोड ‘नाहीतर’च्या मजकुरावर उडी मारत होता आणि नवा त्याच्या पुढे.

आमच्या कामातले खरे भय हे आहे. डीकंपायलर अडला तर माणूस सावध होतो. तो चुकीचा पण चालणारा कोड देतो, तेव्हा कोणी सावध होत नाही. खालच्या मागण्या या भयाकडे पाहून वाचाव्यात.

सीपायथॉनच्या विकसकांकडे मागण्या

मागणी १. बाइटकोडमधल्या प्रत्येक बदलाची यंत्राला वाचता येईल अशी नोंद प्रत्येक आवृत्तीसोबत प्रसिद्ध करावी.

प्रत्येक आवृत्तीच्या ‘नवे काय’ या दस्तऐवजात बाइटकोडच्या बदलांचा भाग असतो, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण तो माणसासाठी लिहिलेला गोषवारा असतो. आम्हाला हवा आहे तो तक्ता : आज्ञेचे नाव, तिचा क्रमांक, ती स्टॅकवरून किती गोष्टी उचलते व किती ठेवते, तिच्यामागे किती कॅश जागा येतात, ती कोणत्या आज्ञेच्या जागी आली आणि मूळ कोडमधल्या कोणत्या रचनेपासून ती निघते. यातले बरेचसे ३.१२ पासून आज्ञांची व्याख्या करणाऱ्या एकाच फाइलीत लिहिलेले आहे. दुभाषाच्या (इंटरप्रिटरच्या) कोडचा मोठा भाग तिच्यातूनच तयार होतो. त्याच फाइलीतून हा तक्ताही निघू शकतो. फक्त शेवटचे दोन रकाने, म्हणजे कशाच्या जागी आणि कोणत्या रचनेपासून, बदल करणाऱ्याला हाताने भरावे लागतील. बदल करताना तो माणूस ते जाणतच असतो. एक ओळ लिहिण्याचा त्याचा वेळ आमचे कित्येक आठवडे वाचवील.

मागणी २. बीटा आल्यानंतर बाइटकोड गोठवावा.

पीवायसी फाइलीच्या सुरुवातीला मॅजिक नंबर असतो. बाइटकोड बदलला की तो वाढवतात. २.७ चा ६२२११, ३.८ चा ३४१३. ३.११ च्या घडणीत हा आकडा ३४५० पासून निघून ३४९५ वर थांबला, आणि शेवटची पायरी चौथ्या बीटात पडली. ३.५ च्या मालिकेत तर आवृत्ती प्रसिद्ध झाल्यानंतर, दुरुस्तीच्या प्रकाशनात, ३३५० चा ३३५१ झाला. त्यामागे खरी चूक होती आणि ती सुधारणे भाग होते, हे आम्हाला कबूल आहे. मात्र मे महिन्यातल्या पहिल्या बीटापासून ऑक्टोबरातल्या प्रकाशनापर्यंतचे पाच महिनेच आम्हाला कामासाठी मिळतात. त्या काळात पाया हलता कामा नये. हलवावाच लागला, तर कारणासह तशी सूचना निघावी.

मागणी ३. मॅजिक नंबर आणि फाइलीच्या शीर्षाची रचना यांची एकच अधिकृत यादी ठेवावी.

आज मॅजिक नंबरांचा इतिहास सीपायथॉनच्या कोडमधल्या टिपणीत सापडतो. शीर्षाची रचनाही आवृत्तीगणिक बदलली : आधी ८ बाइट, ३.३ पासून १२, ३.७ पासून १६. पायपायसारख्या दुसऱ्या दुभाषांचे आकडे वेगळेच. हे सगळे जमवून प्रत्येक साधन आपापली यादी बाळगते आणि प्रत्येकीत वेगळी भोके असतात. फाइल कोणत्या आवृत्तीची हे ओळखण्यातच चूक झाली, तर पुढचे सगळे काम व्यर्थ जाते.

मागणी ४. जुन्या आवृत्त्या चालवता येतील अशा तयार स्थितीत जपून ठेवाव्यात.

वर सांगितलेली ताडणी करायची, तर ज्या आवृत्तीचा बाइटकोड, तीच आवृत्ती हाताशी लागते. जुन्या आवृत्त्यांचा मूळ कोड आजही मिळतो. पण तो आजच्या कंपायलरने आणि आजच्या ओपनएसएसएलसह बांधायला बसावे, तर दोन-दोन दिवस जातात आणि प्रत्येक जण ते दिवस वेगवेगळे घालवतो. प्रत्येक आवृत्तीची बांधून तयार असलेली एक प्रत आणि तिच्यासोबत मूळ कोड व त्याचा बाइटकोड अशा जोड्यांचा एक नमुनासंच, एवढे एका ठिकाणी असावे. जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेच्या त्रुटी आहेत हे ठाऊक आहे. त्या जाळ्याबाहेर, केवळ तपासणीसाठी वापरायच्या आहेत.

या चार मागण्यांवर एक आक्षेप अपेक्षित आहे : बाइटकोडची नोंद ठेवली की लोक त्यावर अवलंबून राहतील आणि मग तो बदलणे जड जाईल. त्यावर जावाचे उदाहरण पाहावे. जावाच्या क्लास फाइलीची रचना जाहीर विनिर्देशात लिहिलेली असते आणि प्रत्येक फाइलीवर आवृत्तीचा आकडा असतो. जावा ८ चा ५२. तरीही जावा बदलत राहिली. २०१८ पासून तर तिच्या आवृत्त्या सहा-सहा महिन्यांनी येतात. आणि तिच्यासाठी सीएफआर, फर्नफ्लॉवर असे एकाहून अधिक डीकंपायलर टिकून आहेत. पायथॉनने जावासारखे वचन द्यावे असे आम्ही म्हणत नाही. वचन आणि नोंद यांत फरक आहे. रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी बदलते. म्हणून ते छापायचेच नाही असे कोणी ठरवत नाही.

कंपन्यांकडे मागण्या

मागणी ५. देखभालीसाठी नियमित पैसा द्यावा.

घातक प्रोग्रामांची तपासणी विकणाऱ्या कंपन्या ही साधने वापरतात. मुक्त परवान्याने तसा हक्क दिलेला आहे आणि त्याबद्दल आमची कुरकुर नाही. पण एखादी नवी सोय हवी म्हणून कधीमधी दिलेली देणगी आणि देखभालीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर बांधायला पाहुणे येतात; पावसाळ्याआधी कौले शाकारायला कोणी येत नाही. नव्या आवृत्तीमागे लागणारे काम मोजता येते : आज्ञांचे वाचन, व्याकरणाचे नियम, जुन्या सर्व आवृत्त्यांवर फेरतपासणी. ज्या कंपनीचा व्यवसाय या साधनावर चालतो, तिने दरवर्षी एका आवृत्तीच्या कामाचा ठरावीक वाटा उचलावा. आणि साधनात केलेले बदल परवान्याप्रमाणे खुले करावेत. अनकंपाइल६ जीपीएल परवान्याखाली आहे. बदललेले साधन वाटताना बदलांचा कोडही द्यायचा, ही त्यातली अट शोभेची नाही.

मागणी ६. तक्रार पाठवताना ती सोडवता येईल अशी पाठवावी.

‘चालत नाही’ एवढ्या दोन शब्दांच्या तक्रारी आम्हाला रोज येतात. सोबत दुसऱ्याच्या प्रोग्रामची हजार ओळींची फाइल, क्वचित विषाणूसुद्धा. आम्हाला हवे ते एवढे : पायथॉनची आवृत्ती, मॅजिक नंबर आणि चूक दाखवणारा लहानात लहान नमुना. दहा ओळींचा नमुना काढायला तुमचा अर्धा तास जातो. तो नसला तर आमचा आठवडा जातो. पगारी माणसांनी बिनपगारी माणसांचा वेळ राखावा, एवढेच मागणे आहे.

खरेदीदार व शासनाकडे मागण्या

मागणी ७. प्रत्येक कंत्राटात मूळ कोड ताब्यात घेण्याची अट असावी.

डीकंपायलर हा शेवटचा उपाय आहे. त्यातून टिपणे परत येत नाहीत. एकाच बाइटकोडला दोन मूळ रूपे शक्य असतात : ‘नाहीतर’ नसेल तेव्हा ‘आणि’ने जोडलेल्या दोन अटी आणि एकाच्या पोटात लिहिलेल्या दोन अटी यांचा बाइटकोड अलीकडच्या आवृत्त्यांत सारखाच होतो, आणि लिहिणाऱ्याने काय लिहिले होते ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रोग्राम घेतानाच मूळ कोड, भाषेची नेमकी आवृत्ती आणि सोबतच्या लायब्रऱ्यांची यादी ताब्यात घ्यावी. कंत्राटदार देत नसेल तर ती त्रयस्थाकडे ठेवीत ठेवावी. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे आणि सरकारी अॅप्लिकेशनांचा कोड खुला करण्याचे, अशी दोन्ही धोरणे जाहीर केली आहेत. ती जिल्ह्याच्या कार्यालयातल्या आणि सहकारी संस्थेतल्या निविदेपर्यंत पोहोचावीत. बैल गेल्यावर झोपा करून उपयोग नसतो, आणि तो झोपा आम्हालाच बांधायला बोलावतात.

मागणी ८. स्वतःच्या कायदेशीर प्रतीतली चूक दुरुस्त करण्यासाठी डीकंपायल करण्याचा हक्क कायद्यात स्पष्ट शब्दांत यावा.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने जे खंड आले, त्यांनुसार कायदेशीर ताबा असलेल्या व्यक्तीला दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती मिळवता येते, ती अन्यथा सहज उपलब्ध नसेल तर. तसेच प्रोग्रामच्या कामाचे निरीक्षण व अभ्यास करता येतो. हे चांगले आहे. पण चूक दुरुस्त करण्यासाठी डीकंपायल करणे हे शब्द तेथे नाहीत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी टॉप सिस्टिम विरुद्ध बेल्जियम या खटल्यात म्हटले की प्रोग्रामचा कायदेशीर खरेदीदार त्यातल्या चुका सुधारण्यासाठी, तेवढ्यापुरता, तो डीकंपायल करू शकतो. वजनकाट्याचा मालक स्वतःच्या काट्याचा प्रोग्राम उघडताना वकिलाचे तोंड पाहत बसू नये, यासाठी एवढी स्पष्टता पुरे आहे.

शिक्षणसंस्थांकडे मागणी

मागणी ९. कंपायलरच्या अभ्यासक्रमात उलटा प्रवासही शिकवावा.

आमच्या महाविद्यालयांत कंपायलर शिकवतात तो मूळ कोडपासून यंत्राकडे जाणारा. परतीचा रस्ता शिकवत नाहीत. लेक्स-याकवर कॅल्क्युलेटर बनवण्याचा प्रकल्प वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्याच्या जागी एका सत्राला एवढेच द्यावे : पायथॉनच्या ताज्या आवृत्तीत बदललेल्या पाच आज्ञा घ्या, त्या कोणत्या रचनेतून येतात ते शोधा, त्यांच्यासाठी व्याकरणाचा नियम लिहा आणि तो आधीची कोणती आवृत्ती मोडतो ते दाखवा. विद्यार्थ्याला पार्सिंग कळेल, आणि एवढे दिवस दोन-चार लोकांच्या डोक्यात अडकलेली विद्या पुढच्या पिढीकडे जाईल. ही शेवटची गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. साधन बंद पडते ते कोड जुना झाला म्हणून क्वचित; बहुधा ते जाणणारा एकटा माणूस थकला म्हणून.

यंत्रच शिकेल की, असे म्हणणाऱ्यांना

मागणीपत्राचा मसुदा फिरवताना एक प्रश्न वारंवार आला : आता हे काम भाषा शिकलेली यंत्रेच करतील, मग व्याकरणे सांभाळता कशाला? प्रश्न रास्त आहे. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांचा पायलिंग्वल हा डीकंपायलर यंत्रशिक्षणाच्या वाटेनेच बांधलेला आहे, आणि अनकंपाइल६ जेथे थांबला त्याच्या पुढच्या आवृत्त्या तो वाचतो. आम्ही त्याचे स्वागत करतो. पण पाहण्यासारखे हे की त्याचाही भरवसा अखेर त्याच ताडणीवर आहे : आलेला कोड पुन्हा कंपाइल करायचा आणि मूळ बाइटकोडशी जुळवायचा. ताडणीसाठी प्रत्येक आवृत्ती हाताशी लागते. शिकवण्यासाठी मूळ कोड व बाइटकोडच्या जोड्या लागतात. आज्ञा ओळखण्यासाठी तक्ता लागतो. म्हणजे पहिल्या चारही मागण्या जशाच्या तशा उभ्या राहतात. माणसाने व्याकरण लिहिले काय आणि यंत्राने शिकले काय, बदलाची नोंद दोघांनाही लागते.

आमची हमी

मागणाऱ्यालाही काही द्यावे लागते. म्हणून :

आमचे साधन खात्री नसेल तेथे अंदाजाने कोड लिहिणार नाही. ते फंक्शन उलगडले नाही असे स्पष्ट सांगेल आणि तेथे बाइटकोडच दाखवील.

कोणती आवृत्ती किती वाचता येते, याचा खरा तक्ता प्रत्येक प्रकाशनासोबत देऊ. ज्या आवृत्तीच्या प्रमाणित लायब्ररीवर ताडणी झालेली नाही, ती ‘चालते’ अशा यादीत घालणार नाही.

एखाद्या आवृत्तीचा आधार सोडायचा असेल, तर एक वर्ष आधी सांगू आणि शेवटची चालती प्रत जपून ठेवू.

चोरलेला किंवा परवान्याविरुद्ध मिळवलेला प्रोग्राम उघडून देण्याची विनंती आम्ही स्वीकारणार नाही.

मागण्यांचा क्रम

या नऊ मागण्या सारख्या वजनाच्या नाहीत. पैसा मिळाला आणि नोंद मिळाली नाही, तर तो पैसा अंदाज बांधण्यात जाईल. कायदा स्पष्ट झाला आणि साधनच बंद पडले, तर हक्क कागदावर राहील. म्हणून सगळ्यांतली एकच मान्य करायची असेल, तर पहिली करावी. तिला नवे कार्यालय लागत नाही, निधी लागत नाही, भाषेचा वेगही कमी होत नाही. बदल करणाऱ्याने त्या बदलाशेजारी एक ओळ लिहायची आहे : ही आज्ञा कशाच्या जागी आली आणि कोणत्या रचनेतून निघते.

पहिल्या मागणीवर सुकाणू परिषदेने येत्या मे महिन्यातल्या पहिल्या बीटापूर्वी होकार किंवा नकार कळवावा, ही विनंती. नकार असेल तर तोही कारणासह लेखी द्यावा. आम्ही तोही नोंदून ठेवू.

कळावे,

आपले,
डीकंपायलर सांभाळणाऱ्यांच्या संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने